रुग्णाशी नाते

खिडकीतल्या बाईने विचारलं, पेशंटचं नाव?
मी म्हणाले, चावीवाले.
तिने पेन खाली ठेवलं.

नववी खेतवाडी, पिंपळाखाली लोखंडी पेटी.
एकवीस वर्षं तिथे बसणारा माणूस
दुपारी तीनला हातातल्या कानशीसकट कलंडला
आणि दूध आणायला उतरलेली मी
टॅक्सीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन नायरपर्यंत आले.
ऐकताना वाटतं तेवढं मोठं काही नव्हतं.
आधी मी इकडेतिकडे पाहिलंच होतं
दुसरं कोणी पुढे होतंय का.
नीट मोजायचं तर अर्धा मिनिट.
त्या अर्ध्या मिनिटाबद्दल खिडकीत कोणी काही विचारलं नाही.

वय? साठेक असेल.
पत्ता? घरचं कोणी?
आमच्या अठ्ठावीस बिऱ्हाडांची कुलपं
त्याच्या बोटांना पाठ.
कामवालीला जादा किल्ली हवी, त्याला सांगा.
आजोबा आत पडलेत, दार उघडेना, त्याला बोलवा.
घरं सोपवली होती आम्ही त्याच्यावर,
नाव विचारायचं तेवढं राहून गेलं.

मग तिने फॉर्म फिरवून माझ्यापुढे सरकवला.
जबाबदार व्यक्तीचे नाव.
आणि इथे मी, बी.कॉम. झालेली बाई, अडखळले.
रेशनकार्डावरचं नाव
ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं.
लिहिणारा बारा वर्षांपूर्वी बोरिवलीला दुसरं घर करून राहिला,
आडनाव माझ्याकडेच राहिलं,
पाहुण्याने विसरलेल्या छत्रीसारखं.
मागची रांग चुळबुळली.
मी लिहिलं, हेमलता धुरी.
खूप वर्षांनी लिहिलं. धुरीतला र जरा हलला.

त्याखाली छापलेलं: रुग्णाशी नाते.
शेजारी म्हणावं तर मी चौथ्या मजल्यावर, तो फुटपाथवर.
गिऱ्हाईक?
नवरा गेला त्या रात्री मी जिन्यात बसले होते.
किल्ली चुकून त्याच्या खिशात गेली असेल, असं म्हणत.
साडेदहाला याने बंद केलेली पेटी पुन्हा उघडली,
वीस मिनिटं दाराला कान लावून उभा,
मला एक प्रश्न नाही.
पैसे घेईना. म्हणाला,
कुलूप चांगलं आहे, बदलू नका.

हे कुठल्या रकान्यात बसवायचं?
प्रेम लिहावं तर लोक हसतील,
उपकार लिहावं तर तोच रागावेल.
मी लिहिलं, ओळख.
तिने वाचलं. खोडलं नाही. शिक्का मारला.

सातला तो शुद्धीवर आला.
बराच वेळ नुसता पाहत राहिला माझ्याकडे,
मग म्हणाला, चौथा मजला. सहा लिव्हर.
दार जरा उचलून धरावं लागतं.
मी कोण, हे इतकं नेमकं
मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं.
मी विचारल्यावर त्यानेही सांगितलं,
याकूब दळवी, गाव म्हसळा.
आणि लगेच, माझी पेटी?

पेटी.
ती मी तशीच उघड्यावर टाकून आले होते.

रात्री अकराला गल्लीत शिरले तर
पेटीवर केळेवाला बसलेला,
टोपली कधीचीच रिकामी, पाय अवघडलेले.
दर एकादशीला डझनभर घेते मी याच्याकडून.
म्हटलं, भाऊ, तुमचं नाव काय हो?

तो उठला नाही.
मला खालपासून वरपर्यंत पाहिलं,
म्हणाला, कशाला?