डावं दार

जुनं रबर ओढून निघत नाही.
आमसुलासारखं तुटतं, नखात काळं राहतं.
इनास म्हणतो, ह्यां रबर न्हय, खत आसा.

गाडी चौपन्न सालची, डुक्कर फियाट,
पुढची दारं उलटी उघडणारी,
डॉक्टर नाबरबाईंची.
अर्धा वेंगुर्ला सांगतो,
आपला जन्म हिच्या मागच्या सीटवरचा.
हिशेब केला
तर गाडी दवाखान्यात कधी पोचलीच नसती.

मी बर्फखान्यात एकतीस वर्षं.
दार म्हणजे काय ते मला विचारा.
चार बोटं जाड, कडेनं रबर, वर खटका,
आत धूर धूर गारवा, बाहेर बंदर ओरडतंय.
फट राहिली की सकाळी लादी किलोभर हलकी
आणि बोलणी मला.
इथं उलटं.
इथं आत राखायचं काहीच नाही,
नुसतं खारं बाहेर ठेवायचं.

इनासनं दाराचं अस्तर सोडवलं.
बटणं गंजून पत्र्यात रुतलेली;
बोथट पटाशी घालून एकेक,
मध्येच थांबून विडी.
हार्डबोर्ड दमटाईनं पापडासारखा वाकलेला,
त्याच्या पाठीवर पेन्सिलीत: वासू. डावं.
पुढं साल होतं, तिथं पाणी चढलंय.

दाराच्या पोटात मूठभर वाळू,
तीन चिंचोके,
आणि इंजेक्शनची एक कुपी,
न फुटलेली. आत औषध अजून हलतंय.

लेबल गेलेलं.
कुणासाठी नेली, आणि लागलीच नाही.
किंवा लागली, आणि सापडली नाही
रात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात
सीटखाली हात घालघालून.
मी इनासकडे बघितलं.
तो कुपी शर्टाला पुसत होता.
टाकू नुको, म्हणाला, एवढंच.

सीट उसवली. आत काथ्या.
गाडी इटलीच्या नावाची, पोट शिरोड्याचं.
हिरवं रेक्झिन त्यानं स्वतः बेतलं,
पायपिंगला पांढरा दोरा,
रोजालिन मशीनवर, पायात चप्पल नाही,
पायडलचा अंदाज तळव्याला लागतो म्हणते.

रबर कोल्हापूरहून एस.टी.च्या पार्सलनं आलं,
चौदा मीटर, वेटोळं घालून,
अंगाला शंखजिरं, नव्या चपलेचा वास.
वळणावर ताणायचं नाही, ढकलत न्यायचं.
ताणलं की पंधरा दिवसांनी आखडतं
आणि नेमका कोपरा सोडतं.
हे इनास मला तीनदा सांगतो.
त्याचा मुलगा दोह्याला असतो,
फोन रविवारी.

मग दार लागेना.
खांद्यानं रेटलं, नाही.
आपट, इनास ओरडला, जोरान आपट.
नवीन रबर आसा, तेका सवय होऊक होयी.
तिसऱ्या वेळी लागलं.
फटीत बर्फखान्याची जुनी पावती धरली होती,
ओढली तर फाटली, सुटली नाही.
रोजालिननं टपावर कळशी उपडी केली,
मी आत बसून कडा चाचपत राहिलो.
कोरडं.

आणि समुद्र नव्हता.
बंदरावर जन्म गेला, झोपेतसुद्धा तो कानाशी;
आता फक्त माझं घड्याळ,
माझं नाक,
आणि काचेपलीकडे इनास तोंड हलवतोय.
मी काच दोन बोटं खाली घेतली.
तो हात जोडून म्हणाला,
येवढा चिकटवलंय तां कित्याक मगे?

अस्तर बसवायच्या आधी
त्यानं नव्या प्लायवर लिहिलं: इनास. डावं.
कुपी कापसात गुंडाळून
आतल्या आडव्या पट्टीवर ठेवली,
आणि बटणं दाबत गेला, ठक, ठक,
एक बटण उरलं ते माझ्या खिशात.

आता दार बोटानं लागतं.
उजव्या मागच्या कोपऱ्यात थेंब येतो अजून;
फडकं ठेवलंय, मंगळवारी बघू म्हणालाय.
दाभोलीच्या रस्त्यावर नवे गतिरोधक झालेत.
कुपी कापसात आहे, वाजत नाही, मला माहीत आहे.
तरी मी पहिला गियर टाकतो,
मागून रिक्षावाले हॉर्न मारत राहतात.