बेटाचं चित्र

शर्वाणीला शाळेसाठी बेट काढायचं होतं.
तिनं काढलं: एक माड, एक होडी,
एक माणूस, कुणाची तरी वाट बघणारा.
चारी बाजूंनी निळा खडू, घासून घासून.

म्हटलं, आपण बेटावरच राहतो की.
ती हसली. "मग समुद्र कुठाय?"

माहीमच्या आमच्या खिडकीतून दिसतो
समोरच्या बिल्डिंगचा गळका पाइप, बस.
पण मिठाच्या बरणीत तांदूळ घालावे लागतात,
दाराची कडी दर दोन दिवाळ्यांना बदलते,
आणि लग्नातले बूट कपाटातून काढावेत
तर बुरशी आधीच पाय घालून बसलेली.

श्रावणातल्या अमावास्येला
पास्कू अंकल पायरीवरून ओरडतात,
"सव्वाबाराला भरती! मोरी बंद करा!"
आम्ही जुनी चादर कोंबतो, वर वरवंटा.
तरी तो येतो, गुळगुळ करत,
साबणाचा फेस, कुणाचा तरी लांब केस घेऊन.
पाहुण्यासारखा नाही.
थकलेलं भाडं मागायला मालक येतो, तसा.
भिंतींकडे बघत.

मग ओहोटी.
लादीवर वाळत जाणारी पांढुरकी रेघ.
मी ओरडायच्या आत
शर्वाणी बोट लावून चाखते.
"खारट आहे."

रात्री तिनं माणसाच्या शेजारी
एक मोरी काढली, जाळीसकट.
माणसाच्या हातात वरवंटा दिला.
माड खोडरबरानं पुसला, नीट पुसला गेला नाही.

"होडी राहू दे?" तिनं विचारलं.

राहू दे, म्हटलं.