लिहून घे

निरोपाच्या भाषणाला साहेबांनी दोन मिनिटं दिली होती.
मी शाखेचा चिटणीस, वीस वर्षं इतिवृत्तं लिहिणारा,
उभा राहिलो आणि म्हणालो, लवू घाडी कामसू माणूस होता.
‘होता’ म्हणालो. तो समोरच बसलेला,
शाल घडी करून मांडीवर.
टाळ्या झाल्या. वेफर्स वाटले.

उरलेलं इथं.

किलोमीटर चारशे बावीस, खांब सात.
तिथं त्याच्या बापाची विहीर होती.
भराव आला तेव्हा आधी दगड गेले आत, मग माती.
एक कासव होतं म्हणतात, ते कुणी काढलं नाही.
सोळा गुंठे, नऊ काजू, बांधावरचा एक किंजळ.
बदल्यात एक दाखला, दाखल्यावर एक नोकरी:
हातोडा घेऊन रोज पाच किलोमीटर जायचं, पाच यायचं,
बापाच्या विहिरीवरून,
रुळाच्या चाव्या ठोकत.
घट्ट चावी ठण्ण म्हणते. सैल चावी खोकते.
मीटिंगमध्येही तो तसंच ऐकायचा.
मी कितीदा खोकलो, त्याला माहीत होतं.

कटिंगमध्ये दरड आली त्या रात्री
सुभाना राऊळ गस्तीला एकटा होता.
बॅटरी सापडली चौथ्या दिवशी.
चौकशीत लिहिलं, मयताचा निष्काळजीपणा.
साक्षीदार म्हणून लवूची सही हवी होती.
त्याने साहेबांचं पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं,
आणि साहेबांच्याच खिशाला नीट अडकवून दिलं.
त्रेचाळीस दिवस निलंबन.
मग हुकूम आला, गस्तीला जोडीने जावे.
हुकमात राऊळ नाही. लवूही नाही.

रेल्वेच्या नोकराला निवडणूक लढवता येत नाही,
म्हणून शेवंती उभी राहिली, जिल्हा परिषदेला,
अपक्ष, निशाणी कंदील.
ती त्याच्याहून चांगलं बोलायची.
हे त्याने घरी कबूल केलं, सभेत कधी नाही.
रात्री खळीची बादली घेऊन हा खाडीपलीकडच्या वाड्यांत,
पहाटे चारला परत रुळावर.
सहाशे अकरा मतं.
शेवंती चुलीपुढे बसून हसली,
‘कंदिलात राकेल घालूक कोण इलोच नाय.’

आणि हे इतिवृत्तात मी घातलं नाही.
ठेकेदाराची पोरं आली होती, सतरा जण.
म्हणाली, आमचीही पावती फाडा.
लवू म्हणाला, घटनेत बसत नाही.
घटना म्हणजे चौदा पानांची पुस्तिका,
त्यानेच राजापुरातून छापून आणलेली.
पोरं गेली. तो कलम पाचवर बोट ठेवून
दिवे जाईपर्यंत बसला.
नंतर ते कलम बदला म्हणून तीनदा उठला.
तीनदा पडला.
एकदा माझ्या मताने.

निरोपाला तीच पोरं कुंपणाबाहेर उभी.
त्याने आपला वेफर्सचा पुडा बाहेर नेऊन दिला.
एकाने घेतला नाही.
त्याच्याकडे लवू जास्त वेळ बघत राहिला.

मग स्टोअरमध्ये हातोडा जमा.
त्याने दगडावर आपटून दांडा वेगळा केला.
‘लोखंड तुमचं. ह्यो किंजळ आमच्या बांधावरचो.’
स्टोअरकीपरने रजिस्टर उलटंसुलटं पाहिलं.
दांड्याचा रकाना नव्हता.

आता रुळावरून चालला तर तो गुन्हेगार.
तीस वर्षं ज्या वाटेने गेला ती बंद,
घरी जायला रस्त्याचा साडेतीन किलोमीटर वळसा.
हातात नुसता दांडा, कुत्री हाकायला.

काल रात्री फोन. जेवलास का नाही, काही नाही.
‘मांडवी गेली आत्ता. रस्त्यावरून ऐकलं.
चारशे बावीस, खांब सात, डावी बाजू.
एक खोकते.
लिहून घे.’

मी पेन शोधतोय.