एक कमी

बावीस वर्षं मी बिया ठेचल्या.
आधी लोखंडी खल, मग चाळण, मग कागदाचं नळकांडं,
वर काच, खाली ईथर उकळतोय.
सहा तास.
त्या वासात दुपारचा डबा
कधी उघडावासा वाटला नाही.
संध्याकाळी वाटीच्या तळाशी तेल.
वजन करायचं, भागायचं, शंभरानं गुणायचं,
वहीत लिहायचं, वाटी धुवायची.

जुन्या वहीत एक आकडा आहे, लाल पेनानं गोल केलेला.
गणेशगुळ्याची उंडी, बी क्रमांक चाळीस.
एवढं तेल आम्ही आधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.
साहेब धावत आले, म्हणाले, कुठाय ती, लावूया.
मी वाटीकडे बोट केलं.

आता पेटी आली आहे.
डेअरीतल्या फ्रीजएवढी, पोटात चुंबक.
घड्याळ, मोबाईल, केसातल्या पिना
दाराबाहेरच्या टेबलावर.
सकाळी आधी तिला नुसतं तेल दाखवायचं,
मापून घेतलेलं,
म्हणजे तिला ओळख पटते.
मग नळीत सबंध बी, कवचासकट. टक्.
आत एक हाक जाते.
पाणी ओ देतं, तेलही देतं.
पाण्याचा आवाज लगेच विरतो,
तेलाचा मागे रेंगाळतो,
निघतो निघतो म्हणत
उंबऱ्यात बोलत राहिलेल्या पाहुण्यासारखा.
त्या रेंगाळण्याचा आकडा होतो.
सोळा सेकंद. बी बाहेर,
कोमट, अख्खी.
पहिल्या दिवशी मी ती मुठीत घेऊन उभीच राहिले.
पुढे काय करायचं, ते हाताला कळेना.

याकूब होडेकर आले पोतडी घेऊन.
पूर्णगडच्या खाडीकाठचं झाड.
होडीच्या फळ्यांना ते अजून उंडीचंच तेल चोळतात,
बोटं नखांपर्यंत हिरवट काळी.
"दोनशे बारा हायेत, बाय. मोजून देतोय, मोजून नेणार."
म्हटलं, एकही फुटणार नाही.
"तेच बघाया आलोय."

खुर्ची दिली, घेतली नाही.
मी पेन्सिलीनं क्रमांक घालायचा,
त्यांनी बी कानाशी धरून हलवायची.
भरलेली. भरलेली. ही नुसती वाजते.
पडद्यावर आकडा आला तरी ते तिकडे बघत नसत,
माझ्या तोंडाकडे बघत.
चारदा त्यांचं चुकलं.
एकदा पेटीचं. बी पुरती वाळली नव्हती,
ते त्यांनी नखानं कवच दाबून सांगितलं.

एकशे सतरावी.
लाल पेनाचा आकडा,
किंवा त्याच्या इतका जवळचा
की वही काढून बघायला हात धजेना.
मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.
बी ताटलीत ठेवली.
थोड्या वेळानं, कोटाच्या खिशात.

निघताना फडकं पसरून ते जमिनीवर बसले.
पाच-पाचाचे ढीग.
एसटी पाचची, दोघांनाही ठाऊक,
तरी दोनदा मोजलं.
"एक कमी."

मी खिशात हात घातला.
म्हटलं, बावीस वर्षं,
आणि पुढचं वाक्यच नव्हतं.
त्यांनी ती कानाशी नेली, हलवली,
"भरलेली," म्हणाले, आणि पोतडीत टाकली.
ढीगही लोटले वरून. तोंड बांधलं.
मग पुन्हा सोडलं.
कोपरापर्यंत हात घालून
छताकडे बघत चाचपत राहिले बराच वेळ,
आणि एक बी माझ्या तळव्यावर ठेवली.
तेलकट अंगठ्यानं क्रमांक पुसून.
"हिला परत त्यात घालू नको. लाव."

इमारतीमागे, टाकीच्या गळक्या नळाखाली,
पत्र्याच्या डब्यात आहे.
आज एकोणपन्नास दिवस झाले.
उंडीचं कवच जाड असतं.
सकाळी पेटीला तेल दाखवून झालं की जाते,
वरची माती ओली करते.
बोट घालून बघत नाही.