एक-चौदा

हळदोण्याला, इगर्जीमागच्या उतरणीवर
जिथं आगुस्तीनची तावेर्न होती
तिथं आता मिरेला फुर्तादोची भट्टी आहे.
वर्षातून तीनदा पेटते.
फळीवर चौदा पेले बसतात, म्हणून चौदाच.
दिल्लीचं कुणी दुप्पट मोजायला उभं राहिलं
तरी पंधरावा नाही.

बुडाशी ती हिराच्या काडीनं ओरखडते :
३/१४, ९/१४, ११/१४.
पहिल्यांदा पाहिलं आणि मी एकटाच हसलो.
तिला वाटलं, किंमत ऐकून.

तिला काय सांगणार?
म्हापशाच्या मामलेदार कचेरीत
चौतीस वर्षं मी एक-चौदाचे उतारे लिहून दिले.
सर्व्हे नंबर, कब्जेदार, कूळ, इतर हक्क.
भाटकारांची नावं इतकी लांब
की रकाना ओलांडून समासात पाय पसरायची.
माझं नाव खाली, शिक्क्याच्या शाईत अर्धं बुडालेलं.
आम्ही मुंडकार. घर आमचं, घराखालची जमीन त्यांची.
दारात नारळ पडला तर बाबा
आधी तो वर पोचवायचे,
मग हात धुवायचे.

आता पेन्शनीतून पेले घेतो. अकरा झाले.
फोंड्याचे डॉक्टर त्यांचे काचेच्या कपाटात ठेवतात,
आत दिवा लावून.
मी पितो.
सोमवारी ४/१४, ओठाला खरखरीत, खाजनाच्या चिखलाचा.
गुरुवारी १२/१४ :
तिसऱ्यांच्या शिंपल्यांची भुकटी आत वितळून अशी बसलीय
की चहा संपला तरी तळाशी
भरती राहते.

कुमुद म्हणते, पेल्याला साडेतीन हजार
आणि चहा तोच, बिनसाखरेचा.
बरोबर आहे तिचं.
पण ८/१४ ती स्वतः घासते,
कामवालीला हात लावू देत नाही.

१/१४ मात्र कुणीच कधी पाहिला नव्हता.

यंदा मानशीजवळचं रोझारियोचं शेत बुजवलं.
तांबड्या मातीचे ट्रक आठवडाभर,
मग फाटक, मग फाटकाला कुलूप.
मिरेलाची माती त्या शेतातली.
उतारा मी काढून पाहिला नाही.
असले उतारे मला न पाहता वाचता येतात.

शेवटच्या भट्टीच्या रविवारी चिठ्ठ्या काढल्या.
माझी कोरी.
माणसं गेली, गाड्या वळल्या,
मी चपला शोधत होतो
तेव्हा तिनं टेबलाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.
"पहिला फळीच्या कडेला असतो.
ज्वाळ त्यालाच आधी चाटते. दर वेळी तडकतो.
मी त्याला कुटते आणि पुढच्या मातीत मिसळते.
त्यानं बाकीचे तडकत नाहीत.
आता पुढची माती कुठाय?"
पैसे घेतले नाहीत.

म्हणजे सोमवारी, गुरुवारी
ओठाला जे खरखरायचं
ते हेच होतं.

घरी येऊन पाणी भरलं.
बुडाजवळून एक बारीक रेघ ओली झाली, मग टेबल.
जुनी सवय; पंचांगाच्या पाठीवर लिहायला घेतलं :
कब्जेदार : गोकुळदास गुणो माजीक.
क्षेत्र : पाव लिटर, एक घोट कमी.
कूळ : नाही.
पोटखराब : आहे, तळापासून तीन बोटं.
इतर हक्क :

इथं पेन थांबलं.
रोझारियोचं शेत, असं लिहिलं.
मग खोडलं.
खाडाखोडीशेजारी सही लागते, नियम आहे.
केली.

कुमुदनं न विचारता खाली बशी सरकवली.