मधाला वास लागतो

धायरीतली ही खोली आठ बाय दहा.
एकोणीस वर्षं तिच्यात मी लोकांची लग्नं धुतली.
मग सगळे आपापल्या खिशातून फोटो काढू लागले
आणि खोलीत आधी सायकली, मग कांदे, मग काहीच नाही.

कुमुदने विचारलं नाही.
गणेशखिंड रस्त्यावर मधमाश्यांचं शिक्षण घेऊन आली होती,
पानशेतच्या वर, काळूराम हिलमच्या बांधाला
सातेरीच्या बारा पेट्या ठेवल्या होत्या,
आणि मे लागला की जांभळाचा मध निघणार होता.
"खोली लागेल," एवढंच म्हणाली
आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

यादी तिची, पिशव्या माझ्या.
बोहरी आळीत ताहेरभाईंनी गाळण्या मांडल्या :
ही रव्याची, ही मैद्याची, मधाची अशी वेगळी नसते बहेन,
कुठल्यातून जायचं ते मधच ठरवतो.
तिने दोन्ही घेतल्या.
नऱ्ह्यात घाऱ्यांनी स्टीलचं पिंप वळवून दिलं, चार चौकटींचं.
आतल्या जोडावर बोट फिरवून म्हणाली, इथे खरखरतंय.
बाई, दूधवालेसुद्धा एवढं बघत नाहीत.
तरी घासलं त्यांनी. दोनदा.
बाटल्या, झाकणं, ओलावा बघायचं भिंग,
टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.
फरशीचा उतार मोरीकडे करून घेतला.
माझ्या वेळी तो दाराकडे होता,
उंबऱ्याशी पाणी साठायचं,
मला वाटायचं खोल्या अशाच असतात.

सगळं झालं आणि वास राहिला.
हायपोचा. मला येत नव्हता.
कुमुदने बशीत गेल्या सालचा मध ओतून
रात्रभर खोलीत उघडा ठेवला.
सकाळी म्हणाली, चाख.
जिभेवर जांभूळ आलं, आणि त्याच्या मागून, जरा उशिरा,
शिर्के-मोरे विवाह, एकोणीसशे सत्त्याण्णव.

सोडा, चुना, लिंबाची सालं. मग गिलावाच खरवडला.
आतल्या विटेलाही येत होता.
रोज रात्री बशी, रोज सकाळी बोट.
अकराव्या दिवशी नुसतं जांभूळ.
खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईट वाटलं.

काढणीला काळूराम टेम्पोतून चौकटी घेऊन आला,
ओल्या गोणपाटाखाली.
खिडकीला जाळी होती, दाराला पडदा होता,
तरी चाळीसएक माश्या आल्याच, आपल्या मालाबरोबर.
ट्यूबवर जाऊन आपटायला लागल्या.
एक कुमुदच्या कानामागे डसली. ती काही बोलली नाही,
सुरी खाली ठेवली फक्त.
दिवा घालवा, काळूराम म्हणाला.
घालवला, तर पोळंही दिसेना.

तेव्हा आठवलं. दारामागे, वर, जुनं बटण.
वायरमनला वाटलं होतं बंद आहे, म्हणून राहिलेलं.

लाल उजेड आला.
कागदाला जो दिसत नाही तो माशीलाही दिसत नाही,
हे मला कोण सांगणार होतं?
होत्या तिथे खाली उतरल्या,
भिंतीवरून चाचपडत चालायला लागल्या,
रात्री पाण्याला उठलेल्या माणसांसारख्या.
काळूरामने कोंबडीच्या पिसाने एकेक डब्यात घेतली,
संध्याकाळी परत न्यायला.

कुमुदने गरम पाण्यातली सुरी पुसली, मेणाची टोपणं सोलली.
मी हँडल धरलं. हळू, ती म्हणाली, पोळं नवीन आहे.
पिंपाच्या भिंतीवर काही नाही.
काही नाही.
मग ठिपके. मग ओघळ.
ट्रेवर वाकून मी अशीच वाट बघायचो :
कोरं, कोरं, आणि एकदम कुणाची तरी भुवई.

तोटी उघडली. त्या उजेडात मध काळा दिसत होता.
रंग कसा आलाय? तिने विचारलं.
बाहेर नेल्याशिवाय कळायचं नाही, म्हणालो,
पहिली बाटली उचलली
आणि कडीला हात घालताना, सवयीने,
मोठ्याने विचारलं : उघडू का? कागद झाकलेत ना?

काळूरामने चौकटींवर गोणपाट ओढलं.
हां, म्हणाला, उघडा.