हाव

केळापूरच्या कोर्टात टायपिंगला
माझी एकोणीस वर्षं.
आरोप वाचून झाला, झितरू टेकाम म्हणाला, हाव.
ती ओळ बोटांना पाठच असते;
निम्म्यावर पोचलीसुद्धा होती.

थांबा, म्हणाल्या जजबाई.
पंखा बंद करवला. कोलामी येणारा मास्तर
पाटणबोरीहून येईस्तोवर
झितरूला पाणी दिलं.
मग एकेक:
कुणी मारलं का? हाव.
कसली लालूच दाखवली? हाव.
वकील भेटला? हाव.
फाशी म्हणजे काय, सांग.

यावर हाव नाही.
मास्तरच्या तोंडाकडे बघत राहिला,
मग हळूच काही बोलला.
मास्तरनं घसा खाकरला :
"जंगल नाक्यावर मोळी धरली
की हाव म्हणायचं.
पावती फाडतात, सोडतात.
तो विचारतोय, इथं किती?"

केलंही असेल त्यानं.
कुऱ्हाड आहे, पंचनामा आहे,
ते साक्षीदार येऊन सांगतील.
मी कागद ओढून काढला, नवा चढवला :
कबुली स्वीकारली नाही.
आरोपीस वकील द्यावा. पुढील तारीख

तारीख लिहायची राहिली,
जजबाई चष्मा पुसत होत्या.

संध्याकाळी फाटकाशी त्याची बायको
पदराची गाठ सोडून उभी.
दोनशेची नोट, चौघडी.
माझ्याच पुढे धरली तिनं.